हापूस, अमेरिका आणि मधले अठ्ठावीस डॉलर

"अमेरिका केवढी मोठी बाजारपेठ!" हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल? प्लेसमेंटच्या ग्रुप डिस्कशनमध्ये तर ते हमखास येतंच. तेहेतीस-चौतीस कोटी माणसं, खिशात डॉलर आणि खाण्यापिण्याची हौस. मग पुढचं गणितही ठरलेलं, की त्यातल्या एक टक्का लोकांनी जरी आपला माल घेतला तरी...! हे 'एक टक्क्याचं' गणित ज्याने शोधलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. ते कुठल्याही मालाला आणि कुठल्याही देशाला लागू पडतं, आणि नेमकं त्यामुळेच त्यातून काही कळत नाही.

परका देश आपल्या मालासाठी चांगली बाजारपेठ आहे की नाही हे कसं ठरवायचं, यावर एम.बी.ए.वाल्यांकडे जाडजूड पुस्तकं आहेत. मी काही ती सगळी वाचलेली नाहीत. पण एका मालाचा आणि एका देशाचा हिशेब मात्र मला नीट बसून करावा लागला. माल आंबा आणि देश अमेरिका. माझे काका रत्नागिरी तालुक्यातले बागायतदार. त्यांच्यासह सहा बागायतदारांपुढे एका निर्यातदाराने प्रस्ताव ठेवला, की अमेरिकेसाठी हापूस द्या, भाव डॉलरमध्ये मिळेल, फक्त प्रतवारीची शेड आणि शीतगृहाची एक खोली तुम्ही सगळ्यांनी मिळून उभारा. कर्जाची सोय होईल. काका मला म्हणाले, "तू इंजिनिअर होतोयस ना रे? मग जरा आकडे मांडून बघ." कर्ज सहा घरांच्या सातबाऱ्यावर चढणार होतं, त्यामुळे आकडे मांडताना चेष्टा करून चालणार नव्हतं.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेने भारतीय आंब्याला जवळजवळ अठरा वर्षं दार बंद ठेवलं होतं. कारण कोयीतला भुंगा आणि फळमाशी. ही कीड आपल्या आंब्यातून तिकडे गेली तर त्यांच्या बागांचं काय, ही भीती. मार्च २००६ मध्ये अध्यक्ष बुश भारतात आले, बोलणी झाली आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच सुमारास हार्ले-डेव्हिडसनला भारतात यायची वाट मोकळी झाली, म्हणून या सौद्याला गमतीने 'आंब्याच्या बदल्यात मोटरसायकल' असंही म्हटलं गेलं.

मेकॅनिकलवाल्यांसाठी इथे एक फाटा फोडतो, कारण तो आपल्याच विषयाचा आहे. हार्लेने काय पाहिलं असेल? भारतात दुचाकी किती खपतात ते. २०१९-२० या वर्षात आपल्याकडे सुमारे पावणेदोन कोटी दुचाकी विकल्या गेल्या. त्यात हार्ले किती? जेमतेम अडीच हजार. म्हणजे दर दहा हजारांमागे दीडसुद्धा नाही! सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने हरियाणातला कारखाना आणि स्वतःची विक्री बंद करायचं जाहीर केलं आणि पुढचं काम हिरोकडे सोपवलं. दुचाकींचा बाजार प्रचंड होता यात शंका नाही. तो हार्लेचा नव्हता, एवढंच. म्हणून पहिली गोष्ट मी काकांना हीच सांगितली, की अमेरिकेत माणसं किती आणि त्यांची कमाई किती हे आकडे आपल्या कामाचे नाहीत. आपल्या कामाचा आकडा म्हणजे आतापर्यंत तिथे आपला आंबा किती गेला आणि काय भावाने गेला.

हे आकडे सरकारने जाहीर केलेले आहेत. भारतातून अमेरिकेला २०१७-१८ मध्ये ८०० टन आंबा गेला, २०१८-१९ मध्ये ९५१ टन आणि २०१९-२० मध्ये १,०९५ टन. या शेवटच्या वर्षी त्याची किंमत होती ४३.५ लाख डॉलर. त्याच वर्षी भारताने सगळ्या जगाला मिळून ४९,६५८ टन ताजा आंबा विकला, ५ कोटी ६१ लाख डॉलरला. आता भागाकार करा. सरासरी किलोला साधारण १ डॉलर १३ सेंट. अमेरिकेत गेलेला आंबा मात्र किलोला ३ डॉलर ९७ सेंट. वजनात दोन टक्क्यांच्या थोडा वर आणि पैशात पावणेआठ टक्के!

हे वाचून आमच्या घरात सगळे एकदम ताठ बसले. साडेतीन पट भाव! निर्यातदाराच्या कागदावरही हाच आकडा मोठ्या अक्षरात होता. पण भाव म्हणजे नफा नव्हे, हे काकांना मी सांगायची गरज नव्हती, चाळीस वर्षं ते दलालांशी बोलत आहेत.

अमेरिकेला आंबा साधारण तीन किलोच्या खोक्यातून जातो. म्हणजे डझनभर फळं. वरच्या भावाने हे खोकं भारतातून निघालं तेव्हा त्याची किंमत झाली बारा डॉलर. तिकडे राहणारे आपले लोक ते विकत घेतात चाळीस डॉलरला, कधी त्याहूनही महाग. मधले अठ्ठावीस डॉलर कुठे गेले? या एका प्रश्नावर आमचे दोन रविवार गेले, आणि माझ्या मते परदेशी बाजारपेठ समजून घ्यायचा हाच खरा रस्ता आहे. ग्राहक किती देतो ते एका टोकाला लिहायचं, आपल्या हातात किती पडतं ते दुसऱ्या टोकाला, आणि मधली एकेक पायरी नावानिशी भरायची.

सगळ्यात मोठी पायरी विमानभाड्याची. हापूस झाडावरून 'चौदा आणे' तयार झाल्यावर उतरवतात. तिथून तो पिकायला लागतो आणि कुणासाठी थांबत नाही. म्हणून विमान. त्यानंतर तिकडचा आयातदार, त्याचं शीतगृह, गावोगावी पोचवणारी कुरिअर कंपनी, आणि वाटेत खराब झालेल्या फळांची भरपाई. यातल्या एकाही पायरीवर बागायतदाराचा हात पोचत नाही. चाळीस डॉलरचे पन्नास झाले तरी वाढीव दहातले आपल्याकडे किती येतील हे दुसराच कुणीतरी ठरवणार.

आता उरलेल्या बारा डॉलरकडे या. २०१९-२० च्या दराने, म्हणजे डॉलरला ७१ रुपये धरून, ते झाले साधारण ८५० रुपये डझन. (हा सगळ्या जातींचा मिळून भाव आहे, यात केसर, बैंगनपल्लीही आले. हापूसला थोडा जास्त धरा.) यातून निर्यातदाराचा वाटा जायचा, मान्यताप्राप्त पॅकहाउसचा खर्च जायचा, खोक्यांचा, गाडीभाड्याचा, आणि विकिरणाचा.

विकिरण ही यातली सगळ्यात रंजक गोष्ट. अमेरिकेची अट अशी की प्रत्येक फळाला किमान ४०० ग्रे मात्रा मिळालीच पाहिजे. ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल. फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवून हिशेब करा, ४०० ज्यूलने एक किलो आंब्याचं तापमान जेमतेम ०.१ अंशाने वाढतं. फळाला पत्ताही लागत नाही, पण आतल्या किडीची प्रजननशक्ती संपते. आणि ताज्या फळांना १,००० ग्रेच्या वर जायचं नाही, हीदेखील तिकडचीच अट. वाटतं केवढी ऐसपैस मर्यादा! पण खोक्यांची चळत कोबाल्ट-६० च्या स्रोतासमोरून जाते तेव्हा बाहेरच्या खोक्यांना जास्त मात्रा मिळते आणि मधल्यांना कमी. मधल्या फळाला ४०० पोचवायचे आणि बाहेरच्याला १,००० च्या आत ठेवायचं, म्हणजे चळत वाटेल तेवढी जाड करता येत नाही. शिवाय कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. नवीन स्रोत भरला नाही तर त्याची ताकद दरवर्षी सुमारे बारा टक्के घटते आणि तेवढ्याच मात्रेला जास्त वेळ लागतो. बाजारपेठेचा आकार ग्राहकांवर ठरतो असं आपण समजतो. इथे तो बऱ्याच अंशी यंत्राच्या तासांवर ठरतो! हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, केंद्रं मोजकी. सुरुवातीला तर सगळा भार लासलगावच्या केंद्रावर होता. हे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलं, तेही कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. कोकणातला आंबा घाट चढून नाशिक जिल्ह्यात जायचा आणि पुन्हा मुंबईच्या विमानतळावर यायचा. पुढे पणन मंडळाचं केंद्र वाशीला झालं, म्हणून ही वणवण कमी झाली.

एक गंमत लक्षात घ्या. ही मात्रा किडीला जागच्या जागी मारत नाही, वांझ करते. म्हणजे व्यवस्थित विकिरण झालेल्या फळातही जिवंत कीड सापडू शकते. फळ कापून, हुंगून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून 'याला ४०० ग्रे मिळाले' हे सांगता येत नाही. मग तपासनीस पाहणार काय? कागद! मात्रेची नोंद, तारीख, सही, शिक्का. या धंद्यात कागद आंब्याइतकाच महाग आहे. मे २०२५ मध्ये हेच झालं. ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईत विकिरण झालेल्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडल्या. आंब्यात कीड निघाली होती का? नाही. विकिरणाच्या कागदपत्रांत चूक होती. माल परत आणा किंवा तिथेच नष्ट करा, असं सांगण्यात आलं. परत आणायचं भाडं मालापेक्षा जड, म्हणून आंबे तिथेच नष्ट केले गेले. निर्यातदारांच्या अंदाजाने नुकसान सुमारे पाच लाख डॉलरचं. ही बातमी मी काकांना पूर्ण वाचून दाखवली तेव्हा ते इतकंच म्हणाले, "म्हणजे बाग आमची, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात."

चावी खरोखरच दुसऱ्याच्या खिशात आहे. विकिरणाच्या वेळी अमेरिकेच्या कृषी खात्याचा तपासनीस भारतात हजर असावा लागतो आणि त्याचा खर्च आपल्या बाजूने होतो. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे हे तपासनीस येऊ शकले नाहीत, आणि दोन पूर्ण हंगाम अमेरिकेची निर्यात बंद राहिली. आंबा होता, ग्राहक होता, विमानंही काही प्रमाणात होती. एक माणूस नव्हता. परवानगी २०२२ च्या हंगामासाठी पुन्हा मिळाली. आता विचार करा, कर्ज काढून शेड बांधली असती तर हप्ते त्या दोन वर्षांत थांबले असते का?

पंकज घेमावत नावाच्या प्राध्यापकांनी २००१ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत एक लेख लिहिला होता, 'अंतर अजूनही महत्त्वाचं आहे' अशा अर्थाचा. त्यांचं म्हणणं असं, की कंपन्या परक्या देशाची श्रीमंती मोजतात पण अंतर मोजायला विसरतात, आणि अंतर फक्त मैलांचं नसतं. ते संस्कृतीचं असतं, सरकारी कारभाराचं असतं, भूगोलाचं आणि आर्थिक स्थितीचंही. आमच्या आंब्याला हे गणित लावलं तर मजेशीर चित्र दिसतं. संस्कृतीचं अंतर जवळजवळ शून्य! कारण तिकडे हापूस विकत घेणारा म्हणजे आपलाच माणूस. भारतीय वंशाचे पन्नास लाख लोक तिथे आहेत, आणि त्यातल्या मराठी-गुजराती माणसाला हापूस म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, तो मार्चपासून फोन करून विचारत असतो. कारभाराचं अंतर मात्र प्रचंड, मैलांच्या अंतराहूनही मोठं.

आपला माणूस सोडून मूळ अमेरिकन गिऱ्हाईक मिळेल का? मला नाही वाटत, निदान इतक्यात तरी नाही. अमेरिका वर्षाला पाच लाख टनांच्या आसपास आंबा आयात करते. त्यातला निम्म्याहून जास्त शेजारच्या मेक्सिकोतून ट्रकने येतो. टॉमी अॅटकिन्स नावाची त्यांची जात जाड सालीची, लालसर, धागेदार, आणि दिवसेंदिवस टिकणारी. चवीला? ज्याने हापूस खाल्लाय त्याने न बोललेलं बरं. पण तो दुकानात डॉलर-दीड डॉलरला एक मिळतो, फळीवर आठवडाभर उभा राहतो, आणि त्याचा भर आपल्याच महिन्यांत असतो. तीन-चार डॉलरला एक फळ घ्यायला गिऱ्हाइकाच्या लहानपणी आजोळच्या आढीचा वास असावा लागतो. त्यातून हापूसला 'साका' होतो. बाहेरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. विकिरणाने साका जात नाही, बाहेरून तो दिसतही नाही. चाळीस डॉलरच्या खोक्यात तीन आंबे साक्याचे निघाले तर पुढच्या वर्षी तो माणूस फोन करेल का, हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात बसत नाही, पण धंदा त्याच्यावरच चालतो.

जहाजाने पाठवलं तर? भाडं एकदम खाली येतं. जून २०२२ मध्ये हा प्रयोग झाला. तीन-तीन किलोची ५,५२० खोकी, म्हणजे साडेसोळा टन आंबा, न्हावाशेव्यातून निघाला आणि सुमारे पंचवीस दिवसांनी अमेरिकेत नेवार्कला उतरला. ही खरी इंजिनिअरिंगची जागा आहे. कंटेनरमधलं तापमान, हवेतल्या वायूंचं प्रमाण, पिकण्याचा वेग, या सगळ्यांची सांगड. पंचवीस दिवसांनंतर हापूस चवीला हापूस राहतो हे हंगामामागून हंगाम सिद्ध झालं, तर अठ्ठावीस डॉलरचं सगळं गणित बदलेल. तोवर ते विमानाचंच धरावं.

आखाताचं बघा. दुबई विमानाने तीन तासांवर, जहाजाने काही दिवसांवर, विकिरणाची अट नाही. भाव अमेरिकेच्या जवळपासही नाही, आणि पाकिस्तानचा आंबा समोर उभा. तरी आपला सगळ्यात जास्त आंबा जातो तो तिकडेच. युरोपचा भाव चांगला, पण तिथेही दार बंद होऊ शकतं. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या भाज्या-फळांच्या २०७ खेपांत कीड सापडली आणि १ मे २०१४ पासून, म्हणजे ऐन हंगामात, आपल्या आंब्यावर बंदी आली. ती २०१५ च्या सुरुवातीला उठली.

शेवटी तुलना करायची ती मात्र दुबईशीही नाही आणि लंडनशीही नाही. ती वाशीशी! काकांच्या मागच्या हंगामाच्या वह्या काढून मी आठवड्यागणिक पट्टी मांडली. मार्चमध्ये वाशीला जो भाव मिळतो त्यापुढे परदेश फिका, आणि अमेरिकेचा हंगाम तेव्हा नीट सुरूही झालेला नसतो. एप्रिलअखेर ते मेचा मध्य, जेव्हा आवक वाढून वाशी पडतं, तेवढे तीन-चार आठवडे अमेरिकेचा भाव खरोखर वरचढ ठरतो. त्यातही सगळा माल जात नाही. वजनात बसणारं, डाग नसलेलं, देठ शाबूत असलेलं फळ आमच्या बागेत शंभरात चाळीस-पंचेचाळीस निघतं. बाकीचं वाशीला आणि उरलेलं कॅनिंगला. म्हणजे साडेतीन पट भाव हा वर्षाच्या बारा आण्याला नव्हे, तर फार तर दोन आण्याला लागू.

त्यातच २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ऑगस्टअखेर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क नेलं, पुढे त्यात बदलही झाले. त्या वर्षीचा आंब्याचा मोसम तोवर संपला होता म्हणून आपण वाचलो. नशीबच म्हणायचं.

आमच्या सहा जणांची बैठक झाली. दोघांना शेड बांधायचीच होती, आवाज चढले, चहा दोनदा झाला. अखेर ठरलं ते असं. बागांची नोंदणी 'मँगोनेट'वर सहाही जणांनी करायची, त्याला खर्च फारसा नाही आणि ती युरोपलाही चालते. कर्ज काढायचं नाही, शेड बांधायची नाही. ज्याच्याकडे मान्यताप्राप्त पॅकहाउस आणि तिकडचा आयातदार दोन्ही आधीपासून आहे, अशाच निर्यातदाराला, एप्रिलअखेरच्या चार आठवड्यांत, निवडलेला माल बागेवर रोख भावाने द्यायचा. विमानाची, कागदाची, तपासनीसाची जोखीम त्याची, म्हणून वरचे डॉलरही त्याचे. काकांनी वहीत तीन रकाने आखून ठेवले आहेत. किती फळ उचललं, किती परत आलं, आणि त्याच दिवशी वाशीचा भाव काय होता. दोन हंगाम हे भरायचं आणि मग शेडचा विषय पुन्हा काढायचा. ज्या दोघांना शेड हवी होती त्यांनी त्याखाली सह्या केल्या आहेत, पण एकाने सही करताना 'जहाजाचं जमलं तर लगेच' असं कंसात लिहून ठेवलंय.